जोडभिंगाचा इतिहास आणि चांद्याचें रान

छायाचित्रकलेचा इतिहास लिहितांना लेखक बहुधा छायाचित्रकारांचीं चरित्रें लिहितात, आणि फार झालें तर कॅमेऱ्यांचीं नांवें देतात. भिंगांचा इतिहास मात्र कारखानदारांच्या सूचीपत्रांत पडून राहतो. वस्तुतः चित्र घेतें तें भिंग; कॅमेरा ही त्या भिंगामागील काळोखी खोली होय. भिंगाच्या या इतिहासांतहि एक उपेक्षित प्रकरण आहे, आणि तें म्हणजे ज्यास इंग्रजींत टेलिकन्व्हर्टर म्हणतात त्या साधनाचें. आम्ही त्यास येथें जोडभिंग म्हणूं. कॅमेरा आणि त्याचें मुख्य भिंग यांच्यामध्यें बसविण्याची ही एक आंखूड नळी असते. तिच्या योगानें मुख्य भिंगाची प्रतिमा दीडपट किंवा दुप्पट मोठी होते. थोड्या खर्चांत एका भिंगाचीं दोन भिंगें झालीं असें घेणाऱ्यास वाटतें, आणि येथूनच वादास आरंभ होतो.

हा वाद आम्ही चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नेऊन पाहणार आहों. पूर्वीं हे दोन्ही मिळून चांदा या नांवाचा एकच विस्तीर्ण जिल्हा होता; २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा झाला. हा प्रदेश निवडण्याचें कारण असें कीं, दूरच्या वस्तूचें चित्र घेण्याच्या साधनाची पूर्ण परीक्षा घेणाऱ्या दोन वस्तु येथें एका मुलुखांत सांपडतात. ताडोब्याचा वाघ ही एक व मार्कंड्याचें शिल्प ही दुसरी. एक छायेंत वावरणारी व क्षणांत नाहींशी होणारी. दुसरी उन्हांत उभी व शतकानुशतकें अचल. या दोहोंपैकीं जोडभिंग कोणाच्या उपयोगाचें, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम या साधनाचें मूळ पाहूं. भिंगापासून ज्या अंतरावर फार दूरच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट पडते त्या अंतरास नाभ्यंतर म्हणतात. नाभ्यंतर जितकें अधिक तितकी प्रतिमा मोठी, परंतु तितकीच नळीहि लांब. ही लांबी न वाढवितां प्रतिमा मोठी करावयाची तर बहिर्गोल भिंगाच्या मागें, किरण एकत्र मिळण्यापूर्वींच, एक अंतर्गोल भिंग धरावें. मग किरण थोडे उशिरां मिळतात व प्रतिमा मोठी पडते. योहान केप्लर यानें १६११ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रविषयक ग्रंथांत अशा जोडणीचा विचार केला होता. पुढें सुमारें सव्वादोनशें वर्षांनीं, १८३३ च्या सुमारास, वुलिच येथील लष्करी विद्यालयांतील गणिताचे अध्यापक पीटर बार्लो यांनीं दुर्बिणीकरितां असें अंतर्गोल भिंग तयार करविलें. आकाशनिरीक्षक आजहि त्यास बार्लो भिंग म्हणतात. आजचें जोडभिंग हें त्या बार्लो भिंगाचेंच वंशज होय. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. छायाचित्रणाची पद्धति लोकांपुढें आली १८३९ सालीं. म्हणजे कॅमेऱ्याच्या जन्मापूर्वींच हें भिंग आकाशाकडे पाहत होतें.

छायाचित्रकलेंत त्याचा खरा प्रवेश १८९१ सालीं झाला. लंडनचे थॉमस डालमायर, म्यूनिकचे आडोल्फ श्टाइनहाइल आणि जर्मनींतीलच आडोल्फ मीठे या तिघांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें दूरचित्रण करणारीं भिंगें त्याच वर्षाच्या सुमारास पुढें आणलीं. एकाच शोधाचे तीन धनी एकदम उभे राहावे याचा अर्थ असा कीं त्या शोधाची वेळ आली होती. त्या काळच्या या भिंगांपैकीं पुष्कळांची रचना आजच्या जोडभिंगासारखीच असे. छायाचित्रकाराजवळ असलेल्या चांगल्या भिंगास मागून एक अंतर्गोल जोड लावावयाची आणि दोहोंतील अंतर कमीजास्त करून प्रतिमा हवी तितकी मोठी करावयाची, अशी ती पद्धति होती. डालमायर यांनीं १८९९ सालीं या विषयावर एक ग्रंथहि लिहिला. परंतु जोड लावतांच प्रकाश इतका कमी होई कीं चित्रास सेकंदामागून सेकंद द्यावे लागत. त्यामुळें त्यांचे सर्वांत उत्तम विषय म्हणजे डोंगराचीं शिखरें, दूरचे मनोरे आणि मंदिरांवरील कोरीव काम असे स्थिर पदार्थच होते. हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या काळांतील एक नामांकित छायाचित्रकार होते. म्हणजे ही कला मराठी मुलुखांत आली ती युरोपांतील तिच्या जन्मानंतर पंधरा वर्षांच्या आंत. त्याच वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यानंतरची इंग्रजी व्यवस्था चांद्यास सुरू झाली. पण या रानांत शिरण्यास अभ्यासकांस आणखी कांहीं वर्षें लागलीं. पुराणवस्तु खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं १८७३-७४ व १८७४-७५ या वर्षीं मध्यप्रांतांत प्रवास केला. त्याचा वृत्तांत १८७९ सालीं प्रसिद्ध झाला व त्यांत भांदक आणि मार्कंडा यांच्या अवशेषांचें वर्णन आलें. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनीं सिद्ध केलेली मध्यप्रांत व वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ सालीं निघाली. या पिढीच्या अभ्यासकांस लेखणी, फूटपट्टी आणि जड काचांचा कॅमेरा यांवर काम भागवावें लागे. शिखराजवळच्या मूर्तींचें जवळून चित्र हवें असेल तर परांची बांधणें हाच काय तो मार्ग.

रानांतील दुसऱ्या विषयाचा, म्हणजे वाघाचा, इतिहास याहून वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकांत या अरण्यांत वाघाकडे जें साधन रोखलें जाई तें बंदूक होतें. ताडोब्याच्या रानांत शिकारीस १९३५ सालीं बंदी झाली. १९५५ सालीं तेथील ११६.५५ चौरस किलोमीटरचें राष्ट्रीय उद्यान झालें. तेव्हां चांदा जिल्हा मध्यप्रदेश राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. म्हणून आज महाराष्ट्राचें सर्वांत जुनें म्हणून जें राष्ट्रीय उद्यान सांगतात, तें महाराष्ट्राच्या जन्माहून पांच वर्षांनीं वडील आहे. पुढें १९८६ सालीं अंधारी नदीच्या नांवानें शेजारचें अभयारण्य झालें व १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. ज्या तारू देवावरून ताडोबा हें नांव पडलें तो देव, लोककथेप्रमाणें, वाघाशीं झुंजतांना पडलेला एका गांवाचा मुखिया होता, आणि त्याचें ठाणें तळ्याच्या कांठीं झाडाखालीं आहे. वाघाच्या अगदीं जवळ जाणें याचा अर्थ काय, हें या रानांतील लोकांनीं देवळाच्या रूपानें केव्हांच लिहून ठेवलें आहे.

बंदुकीऐवजीं कॅमेरा हातीं घेणाऱ्यांत एफ. डब्ल्यू. चँपियन यांचें नांव पहिल्यानें घ्यावें लागतें. संयुक्त प्रांतांतील हे वनाधिकारी. त्यांचें वाघांच्या छायाचित्रांवरील पुस्तक १९२७ सालीं निघालें. त्यांची युक्ति अशी कीं, वाघाच्या वाटेवर कॅमेरा ठेवून तार आडवी बांधावी. वाघाच्या पायानें तार ताणली जातांच प्रकाश चमकावा आणि चित्र उठावें. त्यांस दूरच्या भिंगाची गरज नव्हती, कारण वाघच कॅमेऱ्याजवळ येत असे आणि मनुष्य मात्र दूर असे. आज व्याघ्रगणनेसाठीं झाडांना जे स्वयंचलित कॅमेरे बांधतात ते या युक्तीचीच संतति होत. परंतु ज्यास प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहून चित्र घ्यावयाचें आहे त्यास ही सोय नाहीं. त्यानें दूरच राहिलें पाहिजे, आणि दूर राहावयाचें तर भिंग लांब पाहिजे.

येथें मध्यम आकाराच्या फिल्मचा कॅमेरा रंगभूमीवर येतो. सुमारें सहा सेंटिमीटर रुंदीची जी फिल्म १२० या क्रमांकानें ओळखली जाते ती कोडॅक कंपनीनें १९०१ सालीं काढली. ब्राउन्श्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांचा रोलायफ्लेक्स १९२९ सालीं निघाला. त्याचें भिंग कॅमेऱ्यास कायमचें जडलेलें असल्यामुळें पुढें त्याकरितां जी जोड निघाली ती भिंगाच्या मागें न बसतां पुढें बसत असे. मागें जोड लावण्याची सोय झाली ती भिंगें बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्यांमुळें, आणि त्यांत स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरांतील व्हिक्टर हॅसलब्लाड यांचा कॅमेरा प्रमुख होय. तो १९४८ सालीं बाजारांत आला. हा गृहस्थ मोठा पक्षिप्रेमी होता. देशांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या छायाचित्रांचें त्याचें पुस्तक १९३५ सालींच निघालें होतें. म्हणजे पुढें ज्याचें नांव चित्रशाळा, फॅशनची मासिकें आणि चंद्रावरील प्रवास यांच्याशीं निगडित झालें तो कॅमेरा मुळांत रानाकडे पाहणाऱ्या मनुष्याच्या डोक्यांतून निघाला.

हॅसलब्लाडच्या १९५७ सालच्या सुधारलेल्या नमुन्यांत झडप कॅमेऱ्यांत नसून प्रत्येक भिंगाच्या पोटांत होती. यामुळें त्यास लागणारें जोडभिंग करणें हें नुसतें भिंगकाराचें काम राहिलें नाहीं, तें घड्याळजीचेंहि झालें. कॅमेऱ्याची चावी फिरली म्हणजे भिंगांतील झडप ताणली गेली पाहिजे, व त्यासाठीं जोडभिंगाच्या नळींतून एक दांडा आरपार गेला पाहिजे. त्साइस कंपनीचें म्यूटार नांवाचें दुप्पट करणारें जोडभिंग या जातीचें होतें. जपानी पेंटॅक्सचा १९६९ सालचा मोठा कॅमेरा झडप आपल्याच पोटांत ठेवीत असल्यामुळें त्याच्या जोडभिंगास एवढी गुंतागुंत लागत नसे. पण त्याचा आंतील आरसा असा धाडकन् आपटे कीं लांब भिंगास त्याचा हादरा पोंचे. प्रत्येक यंत्राच्या सोयींत एक गैरसोय दडलेली असते, तिचें हें उदाहरण होय.

आतां हिशोबाकडे वळूं, कारण या वादाचा निकाल हिशोबावर आहे. दुप्पट करणारें जोडभिंग प्रतिमा लांबीरुंदीनें दुप्पट करतें, म्हणजे क्षेत्रफळानें चौपट करतें. भिंगांत शिरलेला प्रकाश मात्र तितकाच. तो चौपट जागेवर पसरला म्हणजे प्रत्येक ठिकाणीं चौथा हिस्सा उरतो. १.४ पट करणाऱ्या जोडींत तो निम्मा उरतो. उदाहरणार्थ, २५० मिलिमीटर नाभ्यंतराचें आणि एफ ५.६ छिद्राचें भिंग घेतलें व त्यास दुप्पट करणारी जोड लावली, तर तें ५०० मिलिमीटरचें व एफ ११ चें होतें. किमान किती जवळच्या वस्तूवर भिंग जुळवितां येतें तें अंतर मात्र जोड लावूनहि बदलत नाहीं, ही एक जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी कीं, मुख्य भिंगांत जो कांहीं दोष असेल तोहि प्रतिमेबरोबर दुप्पट होतो. जोडभिंग हें भिंगाच्या गुणांचें जसें, तसें त्याच्या अवगुणांचेंहि बहिर्गोल होय.

यावर कित्येक म्हणतात कीं, असें असेल तर जोड लावावीच कशाला? साध्या भिंगानें चित्र घ्यावें आणि मधला भाग अंधाऱ्या खोलींत मोठा करून छापावा. हा आक्षेप वजनदार आहे, आणि मोठ्या फिल्मच्या बाबतींत तर अधिकच. चौरस फिल्मवरील चित्राची बाजू ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३१३६ चौरस मिलिमीटर. लहान फिल्मचें क्षेत्रफळ ८६४. साडेतीनपटींहून अधिक जागा हातीं असतां त्यांतील थोडी कापून टाकिली तर काय बिघडलें? उत्तर असें कीं, कापलेल्या तुकड्यांत फिल्मचे कण मोठे होऊन दिसतात. जोडभिंग लावल्यास सगळी फिल्म कामास येते व कण लहान राहतात. मुख्य भिंग उत्तम असेल, त्याचें छिद्र थोडें लहान केलें असेल आणि कॅमेरा तिपाईवर निश्चल असेल, तर जोडभिंगाचा पक्ष बळकट. यांतील एकहि अट ढिली पडली कीं कात्रीचा पक्ष बळकट.

हा निकष घेऊन ताडोब्यांत जाऊं. १०० वेगाची फिल्म, वर सांगितलेलें ५०० मिलिमीटरचें जोडलेलें भिंग आणि सकाळची वेळ. भर उन्हांत एफ ११ ला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. परंतु वाघ भर उन्हांत क्वचितच उभा राहतो. बांबूच्या बेटाखालीं प्रकाश सहज आठवा हिस्सा होतो. म्हणजे चित्रास सेकंदाचा पंचविसावा भाग द्यावा लागतो, आणि सूर्य नुकताच उगवला असेल तर याहूनहि पुष्कळ अधिक. एवढ्या लांब भिंगास हातांत धरावयाचें तर पांचशेव्या भागाच्या आंतबाहेर वेळ हवा. उघड्या मोटारींत तिपाईस जागा नाहीं. धान्याच्या पिशवीवर भिंग टेकलें तरी शेजारचा मनुष्य हलला कीं गाडी हलते. वाघ तर मान वळवीतच असतो. शिवाय जोडीनें काळवंडलेल्या दृश्यपटलावर भिंग नेमकें जुळविणें हें चाळिशी लागलेल्यांस तर अग्निदिव्यच. ज्या साधनास उत्तम प्रकाश व निश्चल आसन पाहिजे त्यास आपण प्रकाश नाहीं व आसनहि नाहीं अशा ठिकाणीं नेतों, आणि मग चित्र धुरकट आलें म्हणून साधनास दोष देतों.

अंतराचाहि हिशोब पाहावा. व्याघ्रप्रकल्पांतील पर्यटनाच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक नियमांत वाहनानें प्राण्यापासून निदान २० मीटर अंतर ठेवावें असें सांगितलें आहे. २० मीटरांवरील वाघाचें अंग १.८ मीटर लांब धरलें, तर साध्या २५० मिलिमीटरच्या भिंगानें त्याची प्रतिमा सुमारें २२ मिलिमीटरची पडते. ५६ मिलिमीटरच्या चौरसांत एवढी प्रतिमा पुष्कळ झाली. भोंवतालचा साग, बांबू आणि वाळलेलें गवत यांतच तो वाघ शोभतो. ५० मीटरांवरून हीच प्रतिमा ९ मिलिमीटरची होते व जोडीनें १८. तेव्हां जोडभिंगाचें रानांतील खरें काम नियमाच्या सीमेवर जाऊन वाघाच्या मिशा मोजणें हें नसून, सीमेच्या पुष्कळ मागें गाडी थांबविण्याची मुभा देणें हें आहे. जें साधन अंतर राखण्यासाठीं निर्माण झालें तेंच घेऊन लोक अंतर मोडावयास धांवतात, ही आमच्या काळाची विसंगति होय. मद्रासचे निसर्गलेखक एम. कृष्णन् (१९१२–१९९६) यांनीं निरनिराळ्या यंत्रांचे भाग जुळवून स्वतःसाठीं एक अवजड कॅमेरा केला होता व विनोदानें त्यास ‘सूपर पॉन्डेरोसा’ असें नांव दिलें होतें. यंत्र ओबडधोबड असलें तरी चालेल, प्राण्याच्या स्वभावाचें ज्ञान ओबडधोबड असून चालत नाहीं, हा धडा त्यांच्या कामापासून घेण्यासारखा आहे.

आतां ताडोब्याहून पूर्वेस, वैनगंगा ओलांडून, गडचिरोली जिल्ह्यांतील चामोर्शी तालुक्यांत येऊं. दक्षिणेस वाहणारी वैनगंगा मार्कंड्यापाशीं वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावर मध्ययुगीन देवळांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. मुख्य देवळाच्या बाहेरील भिंतींवर एकावर एक पट्ट्यांत देव, अप्सरा, भक्त आणि प्राणी कोरले आहेत. पूर्वीं कधीं वीज पडून शिखराची हानि झाली व गोंड राजवटींत डागडुजी झाली, अशी परंपरागत हकीकत सांगतात. यात्रेकरूच्या डोळ्यांस खालचा पट्टा दिसतो. वरच्या मूर्ति मान मोडेपर्यंत पाहिल्या तरी पायांकडूनच दिसतात. पायथ्याशीं उभें राहून कॅमेरा वर केला तर मूर्तीचे पाय थोर व मस्तक लहान असें विद्रूप चित्र येतें. शिल्पकारानें घातलेलें प्रमाण अशा चित्रांत नष्ट होतें, आणि पुढचा अभ्यासक त्याच चित्रावरून शैली ठरवूं लागला तर चुकीवर चूक.

या ठिकाणीं जोडभिंग आपल्या घरीं येतें. देवळापासून पंचवीस-तीस मीटर मागें सरावें, तिपाई रोंवावी, १५० मिलिमीटरच्या भिंगास दुप्पट करणारी जोड लावावी. मुख्य भिंगाचें छिद्र एफ ११ वर आणावें, कारण तेथें बहुतेक भिंगें निर्दोषपणाच्या जवळ असतात. जोडीसह तें एफ २२ होईल. भर उन्हांत सेकंदाचा पन्नासावा भाग पुरेल, आणि तिरप्या उन्हांत अर्धा सेकंद लागला तरी दगडाची तक्रार नाहीं. कोन सौम्य झाल्यामुळें मूर्तीचें प्रमाण बिघडत नाहीं. फिल्म मोठी असल्यामुळें बोटाच्या पेरांतील रेखाहि टिकते. परांची नको, शिडी नको, जीर्ण दगडास स्पर्शहि नको. प्रकाश, निश्चलता आणि वेळ या तिन्ही अटी येथें आपोआप पुऱ्या होतात. डालमायरच्या पिढीस जो विषय योग्य वाटला तोच आजहि योग्य आहे; शंभरांहून अधिक वर्षांत भिंगें सुधारलीं, पण प्रकाशाचा नियम बदलला नाहीं.

कोणी म्हणेल कीं फिल्मचा काळ संपला. हॅसलब्लाडच्या त्या घराण्याचें उत्पादन २०१३ सालीं थांबलें, मग ही चर्चा कशाला? फिल्म अजून मिळते व वापरली जाते, हें एक. आणि दुसरें असें कीं जोडभिंग फिल्मबरोबर गेलेलें नाहीं. फूजी कंपनीनें आपल्या मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यासाठीं २०१८ सालीं २५० मिलिमीटरचें, एफ ४ चें भिंग काढलें व त्याबरोबर १.४ पट करणारें जोडभिंग दिलें. जोडल्यावर तें ३५० मिलिमीटरचें व एफ ५.६ चें होतें. नव्या संवेदकांची प्रकाशग्रहणशक्ति मोठी असल्यामुळें ताडोब्याच्या पहांटेंतहि आतां आशा धरतां येते. तथापि मूळ भिंगानें जें टिपलें नाहीं तें जोडभिंग देऊं शकत नाहीं, हा सिद्धान्त बार्लोच्या काळीं जितका खरा होता तितकाच आजहि आहे.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, जें साधन वाघाच्या लोभानें विकत घेतलें जातें तें खरोखर शोभतें दगडास. चांद्याच्या मुलुखांत कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनीं आपल्या पिशवींतील जोडभिंगाचा एक दिवस मार्कंड्यास द्यावा. वाघाचीं चित्रें हजारों निघतात आणि पुढेंहि निघतील. सुदैवानें वाघास पिल्लें होतात. मार्कंड्याच्या वरच्या पट्ट्यांतील मूर्तींस तें भाग्य नाहीं. ऊन, पाऊस आणि शेवाळ त्यांवर रोज थोडें थोडें लिहीत व पुशीत आहेत. त्यांची स्वच्छ, प्रमाणशुद्ध आणि दिनांक घातलेली प्रतिमा आज घेतली, तर उद्यांच्या अभ्यासकास किती झिजलें हें मोजण्यास एक आधार राहील. आणि रानांत वाघ दिसलाच, तर त्याच जोडभिंगाच्या आधारें गाडी आणखी तीस मीटर मागें उभी करावी. दोन्ही ठिकाणीं पाहणाऱ्यानें मागें सरावें हेंच या लहानशा नळीचें शिक्षण आहे.